ओसरीवरची शिंगे
नगरच्या माळावरची पारध आणि तिच्यावरून झालेले तंटे

केडगावच्या जुन्या गावठाणात आमचे घर होते. त्याच्या ओसरीवर दोन खिळ्यांच्या आधाराने काळविटाची शिंगे टांगलेली असत. मळसूत्रासारखी पीळ घेत वर गेलेली, हाताएवढी लांब. पावसाळ्यात त्यांच्यावर कांबळी वाळत, नवरात्रात रेणुकामातेच्या दर्शनाला आलेले पाहुणे टोप्या अडकवत. ती शिंगे आली कुठून, यावर घरात एकमत नव्हते. वडील सांगत, आजोबांनी एका पारध्याला दोन पायल्या ज्वारी देऊन ती घेतली. थोरल्या चुलत्यांना हे मान्य नसे. आजोबांकडे पीकसंरक्षणाची ठासणीची बंदूक होती, चासच्या बाजूच्या माळावर त्यांनी स्वतः काळवीट पाडले आणि ही त्याची खूण, असे ते ठासून सांगत. दोघांचेही आवाज चढत. एकदा तर दोघे भाऊ आठवडाभर एकमेकांशी बोलले नव्हते.

लहानपणी मला हा वाद म्हणजे म्हातारपणाचा हट्ट वाटे. पुढे इतिहासाचा नाद लागला आणि जुने कायदे, गॅझेटियर, उत्खननांचे अहवाल चाळताना लक्षात आले, की आमच्या ओसरीवरचे भांडण घरापुरते नव्हते. फासा खरा की बंदूक खरी, शिकारी कोण आणि चोर कोण, माळावरच्या हरणावर हक्क कुणाचा, हे तंटे या मुलखात दीडशे वर्षे चालले आहेत. त्यांचा निवाडा कसकसा होत गेला, ते पाहण्याचा हा प्रयत्न आहे.

माळ नावाची तरतूद

आधी त्या जनावराबद्दल. आपण सरसकट हरीण म्हणतो, पण चितळ-सांबर वेगळे आणि काळवीट-चिंकारा वेगळे. चितळ-सांबराची शिंगे फाटे फुटलेली, दरवर्षी गळून नव्याने येणारी. रानात फिरताना ती नुसती सापडूही शकतात. काळविटाचे शिंग एकदा आले की जन्मभराचे. ते गळत नाही. म्हणून कुणाच्या भिंतीवर काळविटाची शिंगे असतील, तर त्यामागे एक मेलेले जनावर असतेच.

काळविटाला दाट जंगल नको असते. त्याला हवा उघडा, गवताळ, दूरवर नजर पोचेल असा माळ. जिवावर आले की पाय हेच त्याचे हत्यार. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतला नगर, कर्जत, श्रीगोंदा, पारनेरचा पठारी मुलूख म्हणजे असाच माळ. पाऊस थोडा आणि बेभरवशाचा, माती उथळ, झाडे विरळ, गवत मात्र भरपूर. महसुली कागदांत अशा जमिनीला पडीक म्हटले गेले. मेंढपाळाला, पारध्याला आणि हरणाला ती कधीच पडीक नव्हती.

या माळाचा माणसाशी असलेला व्यवहार किती जुना आहे, हे इनामगावच्या उत्खननाने दाखवले. शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी, नगर जिल्ह्याच्या वेशीजवळच हे ठिकाण आहे. डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात ते खणले. जोर्वे संस्कृतीचे हे शेतकरी गाव. त्या संस्कृतीला नाव मिळाले तेही नगर जिल्ह्यातल्या संगमनेरजवळच्या जोर्वे गावावरून. इसवी सनापूर्वी १००० च्या सुमारास हवामान कोरडे होत गेले, शेती आटली, तसे लोक शेळ्यामेंढ्या आणि शिकार यांच्याकडे अधिक वळले, असा निष्कर्ष म. के. ढवळीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडला. उकिरड्यांतल्या हाडांत हरणांची हाडे आहेत. पीक गेले की माळाकडे बघायचे, ही रीत तीन हजार वर्षांपूर्वी इथे रुजलेली होती. हरीण ही दुष्काळातली तरतूद होती.

नंतरच्या वाङ्मयातही पारधी भेटत राहतो. महाराष्ट्री प्राकृतातल्या गाथासप्तशतीत व्याध आहे, त्याची बायको आहे, हरणांची जोडपी आहेत. बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्य सोमेश्वराने लिहिलेल्या ‘मानसोल्लासा’त मृगया हा राजाचा एक विनोद म्हणून तपशिलाने येतो. ‘लीळाचरित्रा’त पारध्यांच्या कुत्र्यांपासून जीव वाचवायला आलेला ससा चक्रधरस्वामींच्या आश्रयाला येतो आणि शिकारीच्या हक्कापुढे शरणागताचा हक्क उभा राहतो. म्हणजे पोटासाठी पारध, करमणुकीसाठी मृगया आणि दोन्हींना नकार, हे तिन्ही सूर आपल्याकडे आधीपासून होते. ते एकाच माळावर नांदत होते. शिकार करणाऱ्या एकाला दुसऱ्याने गुन्हेगार ठरवावे, ही वेळ अजून आली नव्हती.

फाशाची विद्या

फासेपारधी हे नावच हत्यारावरून पडलेले. लांब दोरीला ओळीने फासे बांधायचे, खुंट्या ठोकून ती दोरी हरणांच्या येण्याजाण्याच्या वाटेवर आडवी लावायची आणि मग दुसऱ्या अंगाने कळपाला हलकेच त्या दिशेला वळवायचे. घाई केली तर कळप उधळतो, उशीर केला तर वाट बदलतो. जनावराचा पाय कुठे पडेल, वारा कुठून आहे, कळपात पुढे कोण चालते, हे ठाऊक नसेल तर दोरी आणि खुंट्या निरुपयोगी. काही पारधी पाळीव गाय-बैलाच्या आडोशाने कळपाजवळ सरकत. त्यांना गायपारधी म्हणत. चित्ता पाळून त्याच्याकरवी शिकार करणारे ते चित्तेपारधी.

सर्वांत चतुर रीत होती पाळीव काळविटाची. माणसाळवलेल्या नराच्या शिंगांना फासे बांधायचे आणि त्याला रानटी नराच्या हद्दीत सोडायचे. काळविटाचा नर माजावर आला की आपली जागा राखतो. एकाच ठिकाणी लेंड्या टाकून तिची खूण करतो आणि परका नर दिसला की शिंगे रोखून धावतो. झुंज लागते, शिंगात शिंगे अडकतात, फासा आवळतो, पारधी धावत येतो. अबुल फझलने ‘ऐन-ए-अकबरी’त शिंगांना जाळे बांधून हरणाने हरीण धरण्याची अशीच पद्धत नोंदवली आहे. बादशहाच्या दरबारात जो खेळ होता, तो इथल्या पालावर रोजच्या भाकरीचा भाग होता.

या विद्येला काही नियम होते. माधव गाडगीळ आणि कैलाश मल्होत्रा यांनी पश्चिम महाराष्ट्रातल्या भटक्या शिकारी जमातींचा अभ्यास केला. त्यावरचा त्यांचा निबंध १९८३ साली प्रसिद्ध झाला. त्यांना आढळले, की एकाच मुलखात फिरणाऱ्या तीन जमातींनी शिकार जणू वाटून घेतली होती. फासेपारध्यांनी हरणे आणि तितर-लाव्यांसारखे पक्षी फाशात धरायचे. वैदूंनी सापळ्यांनी मुंगूस, रानमांजर यांसारखी लहान जनावरे पकडायची आणि पाण्यातले मासे, कासवे, खेकडे धरायचे. तिरमल नंदीवाल्यांनी कुत्री घेऊन रानडुक्कर, साळिंदर, घोरपड यांच्या मागे जायचे. तिघेही माळावरच जगत, पण एकाचा हात दुसऱ्याच्या ताटात जात नसे.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. फाशात गाभण हरणी किंवा पाडस सापडले तर ते सोडून देण्याची आपली रीत होती, असे पारधी सांगत. फासा जनावर जिवंत धरतो, म्हणून सोडून देणे शक्य असते. गोळीला ही सोय नाही. या रिवाजामागची व्यवहारबुद्धी गाडगीळांनी उलगडून दाखवली आहे. पुढच्या वर्षीही याच माळावर आपणच येणार आहोत, दुसरा कुणी ही हरणे नेणार नाही, एवढी खात्री असेल तर माणूस राखून खातो. ती खात्री गेली, की सोडलेले पाडस दुसऱ्याच्या हाती जाणार हे दिसते, आणि मग राखण्यात अर्थ उरत नाही.

एकोणिसाव्या शतकात गेली ती हीच खात्री.

बंदुकीचा मान

१८०३ मध्ये नगरचा किल्ला वेलस्लीने घेतला, १८१७-१८ मध्ये पेशवाई बुडाली आणि भिंगारजवळ लष्करी छावणी वसली. छावणीतल्या गोऱ्या अधिकाऱ्याला शिकार हवी होती आणि केडगावपासून घोड्यावर थोडे पुढे गेले की काळविटांचे कळप होते. त्याच्याकडे लांब पल्ल्याची रायफल होती, सुट्टी होती आणि शिंगांची लांबी इंचात मोजून भिंतीवर लावण्याची हौस होती. सर्वांत मोठा, सर्वांत काळा नर टिपणे यात त्याचे शौर्य होते.

दोन प्रकारचे शिकारी आता एकाच कळपामागे होते. इंग्रज शिकाऱ्यांच्या लिखाणात फासे आणि जाळी लावणाऱ्याबद्दल तिरस्कार पदोपदी दिसतो. त्यांच्या मते धावत्या जनावरावर गोळी झाडणे हा मर्दानी खेळ, तर त्याला फाशात धरणे ही चोरी. गंमत अशी, की कळप कुठे आहे हे साहेबाला दाखवायला बहुधा पारधीच लागे. वाट दाखवेपर्यंत तो वाटाड्या. दुसऱ्या दिवशी त्याच वाटेवर त्याने आपला फासा लावला की तो चोर.

गावकऱ्यांचेही या गोऱ्या शिकाऱ्यांशी खटके उडत. मोर मारला, देवाच्या रानात गोळी झाडली, उभ्या पिकातून घोडे घातले, अशा कारणांवरून भांडणे होत. म्हणून सरकारने गोऱ्या सैनिकांना शिकारीसाठी पास काढण्याची आणि काही बंधने पाळण्याची अट घातली. पण बंधन मोडणारा सोजीर आणि फासा लावणारा पारधी यांना एकच कायदा कधीच लागू नव्हता.

कायद्यांची रांगच बघावी. १८७१ मध्ये गुन्हेगार जमातींचा कायदा आला. १९११ च्या सुधारणेने तो मुंबई इलाख्यासह सगळीकडे लावता येऊ लागला आणि फासेपारधी त्याच्या कचाट्यात आले. जन्माने गुन्हेगार. हजेरी द्यायची, परवानगीशिवाय हद्द ओलांडायची नाही. ज्याचा धंदाच कळपामागे फिरण्याचा, त्याला फिरण्याचीच बंदी. कित्येक कुटुंबे सोलापूरसारख्या तारेच्या कुंपणाच्या सेटलमेंटांत कोंडली गेली. १८७८ च्या शस्त्रकायद्याने बंदूक परवान्याची झाली, आणि परवाना मिळण्यासाठी साहेबाची ओळख किंवा सारा भरणारी जमीन असावी लागे. १९१२ मध्ये वन्य पक्षी आणि प्राणी संरक्षणाचा कायदा झाला. त्यात हरणांसाठी बंदीचा हंगाम ठरवण्याची तरतूद होती; मात्र मालमत्तेच्या रक्षणासाठी जनावर मारल्यास सूट होती. वाचायला ही सूट सगळ्यांसाठी आहे. पण पारध्याकडे राखायला शेतच नव्हते. शेतकऱ्याने पिकात आलेले हरीण मारले तर राखण, साहेबाने माळावर मारले तर खेळ, पारध्याने मारले तर गुन्हा. हरीण तिन्ही वेळा मेलेच.

याच काळात एक वेगळा निवाडाही झाला, तो इथे सांगायला हवा. कोल्हापुरात शाहू महाराजांना चित्त्याकरवी काळविटाची शिकार करण्याचा मोठा शौक होता. भारतीय चित्ते दुर्मिळ झाले तेव्हा कोल्हापूर दरबाराने आफ्रिकेतून चित्ते आणवले. त्याच महाराजांनी गुन्हेगार ठरवल्या गेलेल्या जमातींची हजेरी १९१८ मध्ये आपल्या संस्थानात बंद केली आणि फासेपारध्यांना सोनतळीच्या परिसरात आसरा देऊन पहाऱ्याची कामे दिली. ज्यांना बाकीचे सरकार चोर म्हणत होते, त्यांच्या हाती महाराजांनी राखण सोपवली. पारध्याची नजर आणि पाय यांची खरी किंमत ओळखलेला निवाडा हाच.

जीप आणि नांगर

आमच्या आजोबांची बंदूक याच काळातली. दुसऱ्या महायुद्धात ‘अधिक धान्य पिकवा’ मोहीम निघाली आणि पीकसंरक्षणासाठी बंदुकांचे परवाने सढळ हाताने वाटले गेले. केडगाव परिसरात ज्वारी कोवळी असताना हरणांचे कळप रात्री शेतात उतरत; शेकोट्या पेटवून, डबे वाजवून राखण करावी लागे. त्यामुळे बंदूक ही चैन नव्हती, हे आजोबांच्या बाजूने सांगितलेच पाहिजे. पण पिकासाठी घेतलेली बंदूक पीक निघाल्यावर खुंटीवर राहत नसे.

युद्ध संपले आणि लष्कराच्या जुन्या जीपगाड्या बाजारात आल्या. उघड्या माळावर रात्री जीप पळवायची, दिव्याच्या झोतात कळप दिपवायचा आणि गोळ्या झाडायच्या, ही नवी शिकार देशभर बोकाळली. ई. पी. गी यांच्यासारख्या निसर्गअभ्यासकांनी त्या वर्षांतल्या कत्तलीबद्दल कळवळून लिहिले. काळविटाचे एकमेव हत्यार म्हणजे पळणे, आणि जीपपुढे ते हत्यार बोथट झाले. चित्त्याची कथा तर संपलीच. १९४७ मध्ये कोरिया संस्थानच्या राजाने तीन चित्ते मारले; भारतातल्या चित्त्यांची ती शेवटची खात्रीशीर नोंद मानली जाते, आणि १९५२ मध्ये तो नामशेष झाल्याचे जाहीर झाले. त्याच वर्षी, ३१ ऑगस्टला, गुन्हेगार जमातींचा कायदा रद्द झाला. पारधी कागदावर मोकळा झाला तेव्हा त्याच्या माळावर धरायला फारसे उरले नव्हते.

उरलेसुरले नांगराने नेले. विहिरी, कालवे, सहकारी साखर कारखाने आले. १९५० च्या सुमारास प्रवरेच्या काठी सुरू झालेल्या सहकाराने नगर जिल्ह्याचे रूप पालटले, आणि त्याबद्दल कुणाही शेतकऱ्याच्या पोराने तक्रार करू नये. मीही करत नाही. पण गायराने वाहितीखाली आली, गवताचे सलग पट्टे तुटले, हेही खरे. गोळीने कळप घटतो, पण माळ राहिला तर तो पुन्हा भरतो. माळच गेला तर भरून यायला जागा राहत नाही.

मुंबई राज्याने १९५१ मध्ये वन्य प्राण्यांच्या रक्षणाचा स्वतंत्र कायदा केला. त्यात शिकार परवान्याने होती. १९७२ मध्ये केंद्राचा वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि काळवीट पहिल्या अनुसूचीत गेले. शिकार पूर्ण बंद. ज्यांच्याकडे अशा प्राण्यांची शिंगे-कातडी असतील त्यांनी तीस दिवसांत जाहीर करावे, असेही त्यात होते. १९७९ मध्ये सोलापूर आणि नगर जिल्ह्यांत माळढोक अभयारण्य झाले आणि १९८० मध्ये कर्जत तालुक्यातले रेहेकुरी काळवीट अभयारण्य. रेहेकुरीचे क्षेत्र अवघे २.१७ चौरस किलोमीटर. जो प्राणी एका दमात क्षितिज गाठतो, त्याला मिळालेली ही जागा आपला एखादा तरुण तासाभरात पायी फिरून येईल एवढी. तरीही तिथे कळप टिकले, वाढले, ही मोठी गोष्ट आहे, आणि त्याचे श्रेय त्या कायद्याला आणि राखणाऱ्यांना द्यायला हवे.

नवा तंटा, जुनी माणसे

वाढलेल्या कळपाबरोबर तंटाही परत आला. अभयारण्याची हद्द हरणाला वाचता येत नाही. ते भोवतालच्या शेतात उतरते, हरभरा-ज्वारीचे कोवळे शेंडे खाते. शेतकरी नुकसानभरपाईचे अर्ज भरतो, पंचनाम्याची वाट पाहतो. हरीण सरकारचे आणि पीक माझे, ही त्याची तक्रार १९१२ च्या कायद्यातल्या मालमत्तेच्या रक्षणाचीच नात आहे. तिला दुर्लक्षून हरीण वाचणार नाही. मोकाट कुत्री, रस्ते आणि उघड्या विहिरी हे माळावरचे नवे शिकारी आहेत, आणि त्यांना कुठलीच अनुसूची लागू नाही.

या सगळ्या चर्चेत फासेपारधी कुठे आहे? आज तो गावाबाहेर पालात किंवा गायरानाच्या कडेला खोपटात असतो. चोरी झाली की पहिला संशय त्याच्यावर, ही सवय कायदा रद्द होऊन सत्तर वर्षे उलटली तरी गेलेली नाही. जातीचा दाखला, रेशनकार्ड, मुलांची शाळा यांसाठी त्याच्या पिढ्या खर्ची पडत आहेत. त्याने पुन्हा फासे लावावेत असे कुणी म्हणणार नाही. मीही म्हणत नाही. पण लेंड्यांच्या ढिगावरून नराची हद्द ओळखणारी, वाऱ्यावरून कळपाची वाट सांगणारी त्याची विद्या आपण त्याच्या फाशाबरोबर फेकून दिली. शिकाऱ्यांच्या आणि वनवासी माणसांच्या तोंडचे ज्ञान टिपून ठेवण्याची धडपड मारुती चितमपल्लींनी आयुष्यभर केली. ती एकट्याची राहिली. माळ राखायचा असेल तर माळ वाचता येणारा माणूस लागेल, आणि तो आपल्याच वेशीबाहेर बसलेला आहे.

आता आमच्या शिंगांचे. नवा कायदा आल्याचे गावात कळले तेव्हा कुणी म्हणाले, घरात शिंगे सापडली तर तुरुंग होतो. कागद करायचा कसा, कुणाकडे जायचे, हे घरात कुणाला उमगले नाही. आजीने एका रात्री ती शिंगे गोणपाटात गुंडाळली आणि सीना नदीत सोडून दिली. दोघा भावांच्या भांडणातला मुद्देमालच गेला. पुढे केडगाव महापालिकेत आले, चासच्या बाजूच्या माळावर वसाहती झाल्या, जुने घरही पाडले.

हा लेख लिहायला बसलो तेव्हा दोघांच्या हकिकती मी पहिल्यांदा शेजारी शेजारी मांडून पाहिल्या. वडिलांच्या गोष्टीत शिंगे आणणारा पारधी होता. चुलत्यांच्या गोष्टीत काळवीट आजोबांनी पाडले, पण ते अगदी सहज एक वाक्य बोलून जात, की पहाटे कळप कुठल्या ओघळीतून वर येतो ते आदल्या दिवशी एका पारध्याने दाखवले होते. चाळीस वर्षे भाऊ भांडले ते आजोबांच्या बंदुकीवरून. पारधी दोन्ही गोष्टींत होता, आणि त्याचे नाव दोघांनाही माहीत नव्हते. विचारावे असे मलाही कधी वाटले नाही. वडील गेले, चुलते गेले, आता विचारायला कुणी उरलेले नाही.